सोमवारात अडकलेले राज्य

सांगा बघू ऐकणाऱ्यांनो, आज वार कोणता? चटकन सांगितलात ना? त्यात काय अवघड, असेच तुम्ही म्हणाल. पण ज्यांना एवढेही सांगता येईना, त्यांची ही गोष्ट आहे.

एका राज्यात चिमाबाई नावाची रंगारीण राहत होती. तिचा निळा पाहून आभाळ लाजे, तिचा तांबडा पाहून कोंबडे वेळेआधी आरवत. त्या राज्यात रीत अशी होती, की माल घेणाऱ्याने "पैसे राहिले हं" म्हणावे आणि देणाऱ्याने "असू द्या, सवडीने द्या" म्हणावे. "कधी देणार?" असे विचारणे म्हणजे पाहुण्याला "कधी जाणार?" विचारण्याइतके वाईट. चिमाबाईने जन्मात कोणाला वार विचारला नव्हता. गिऱ्हाईक दाराबाहेर पडले, की रिकामा हात पदराला पुसून ती पुन्हा रांजण ढवळायला लागे.

राजवाड्याच्या कमानीवर एक साळुंकी बसे. रोज सकाळी वार पुकारणे हे तिचे काम. एके सकाळी ती म्हणाली, "आज सोमवार." दुसऱ्या सकाळी म्हणाली, "आज सोमवार." तिसऱ्या सकाळीही तेच. लोक म्हणाले, बिचारी म्हातारी झाली. पण चंद्रसुद्धा अर्धाच राहिला. रात्री विरजलेले दूध सकाळी दूधच राहू लागले. निळीचा रांजण आंबेना, म्हणून निळा रंग तयार होईना. आठवड्याचा बाजार मंगळवारी, तो भरेना. सोमवारचे उपवास धरणारे तर वाळून काटक्या झाले.

चिमाबाईच्या लेकीचे, रेवूचे लग्न गुरुवारी ठरले होते. मांडवाच्या डहाळ्या सुकल्या, नव्या बांधल्या, त्याही सुकल्या.

"आई, गुरुवार कधी गं?"

"परवा... नाही, तेरवा... थांब, मला मोजू दे." चिमाबाईने बोटे मोजली. सोमवार, सोमवार, सोमवार. बोटे संपली, वार पुढे सरकला नाही. काल आपण काय केले नि आज काय करायचे, तेच तिला समजेनासे झाले. रांजणात रंग घातला की नाही, हेही ती रेवूलाच विचारी. रेवूचे डोळे भरलेले पाहून मात्र ती उठली आणि थेट कमानीखाली गेली.

"साळुंके, वार कुठे गेले?"

"रुसले," साळुंकी म्हणाली. "बोलावल्याशिवाय पाहुणासुद्धा येत नाही, वारांनाही मान असतो. या राज्यात देण्याघेण्यात त्यांचं नाव कोणी घेत नाही. सगळ्यांत जास्त उधारी तुझ्या रंगाची. मंगळवार राजाकडे अडकलाय, बुधवार भुजंगनाथ मांत्रिकाकडे. गुरुवारचं घर तुझं तुला ठाऊक आहे. तो सुटला की पुढचे आपल्या पायांनी येतील. जा, पण पैसे मागू नकोस. वार माग."

तिसरे घर चिमाबाईला ठाऊक होते. त्याचे नाव तिने मनातसुद्धा घेतले नाही. ती आधी राजाकडे गेली.

"महाराज, निशाणं रंगवली त्याचे..."

"तू सवडीने म्हणालीस. राजाला सवड नसते."

"पैसे नकोत, महाराज. कोणत्या वारी द्याल, तेवढं सांगा."

राजा गोंधळला. त्याने प्रधानाकडे पाहिले, प्रधानाने छताकडे पाहिले. राजा आजवर सगळ्यांना "बघू" एवढेच सांगत आला होता. पण तोही सोमवारचा उपवास धरणारा होता आणि त्याचा कमरपट्टा आता मांडीवर येत होता.

"मी वार सांगितला, तर तो उजाडेल?"

"साळुंकी तसं म्हणते."

"मग मंगळवार! उद्याच मंगळवार! आणि प्रधानजी, पुरणपोळी सांगा."

मंगळवार उजाडला. राजा पोटभर जेवला, त्याने चिमाबाईचे पैसे पाठवले आणि दवंडी पिटवली, की उधार जरूर द्यावे, पण वार ठरवून द्यावे.

चिमाबाई मांत्रिकाच्या गुहेत गेली. तिनेच रंगवलेली काळी कफनी अंगावर घेतली, की भुजंगनाथ दिसेनासा होई.

"नाथबाबा आहेत का?"

"बाहेर गेलेत," रिकामे व्याघ्रासन म्हणाले.

"बरं. आले की सांगा, काळ्याला अजून दुसरं पाणी द्यायचं, म्हणजे रंगात दुसऱ्यांदा बुडवायचं राहिलंय. पहिल्या पावसात खालून रंग सुटेल, मग नुसते पाय दिसतील. वार सांगितल्याशिवाय दुसरं पाणी मिळायचं नाही."

व्याघ्रासन घाईघाईने म्हणाले, "बुधवारी देतो. हा विसार घे." एक मोहोर हवेतून तिच्या ओंजळीत पडली. बुधवार उजाडला, आणि उंबऱ्यावर उरलेल्या मोहोरा आपोआप येऊन बसल्या.

आता तिसरे घर. ते होते रेवूच्या होणाऱ्या सासूचे, गजराबाईंचे. लग्नाचे शालू त्यांनी चिमाबाईकडूनच रंगवून नेले होते, आणि चिमाबाई हसून "सवडीने द्या" म्हणाली होती.

"या या, विहीणबाई! गूळपाणी आणा गं!"

चिमाबाईने पदर सावरला. "ते... शालूंचं राहिलंय..."

सैपाकघरातली पळी थांबली.

"पैसे मागायला आलात?"

"पैसे नकोत. वार सांगा."

"लग्न दाराशी आलं, नि सोयऱ्याला वार विचारता? सोयरीक मोडायची आहे का?"

चिमाबाई अर्धी उठली. रेवूचा चेहरा डोळ्यांपुढे आला. विचारावे तर लेकीचे लग्न मोडेल, न विचारावे तर लग्नाचा दिवसच येणार नाही. कोणते खरे, कोणते बरे, तिला काही कळेना. ती तशीच पुन्हा खाली बसली.

"मोडायची असेल तर आज मोडेल, विहीणबाई. पण न विचारता गेले, तर आपल्या पोरांचा गुरुवार कधीच उजाडायचा नाही."

गजराबाई कितीतरी वेळ गुळाचा खडा फिरवत राहिल्या. मग त्यांचा आवाज उतरला.

"शालूकडे बघितलं की वाटायचं, ही बाई आपल्याला गरीब समजते. धर्म केल्यासारखं देऊन मोकळी झाली. तुमचा रागच यायचा मला. वार विचारला असतात, तर माझा मान राहिला असता."

"आणि मला वाटायचं, तुम्ही विसरलात. मीही रोज चरफडायची."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि आधी गजराबाईंना हसू फुटले.

"गुरुवारी देते. पण अक्षता पडल्यावर हं! आधी दिले तर लोक म्हणतील, वरमाईनंच हुंडा दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंकीने गुरुवार पुकारला, आणि रेवूचे लग्न लागले.