सुतार आणि सुईणबाईची खुर्ची

एका गावात एक सुतार होता आणि त्या गावात एकही वाकडी खुर्ची नव्हती. सुताराच्या कमरेला कायम गुण्या खोचलेला असायचा. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. दार असो, पाट असो, पाळणा असो, गुण्यात बसल्याशिवाय हा पठ्ठ्या काम हातावेगळं करायचा नाही. जे लाकूड गुण्यात बसायचं नाही ते अंगणातल्या जळणात जायचं.

त्याच गावात एक म्हातारी सुईण होती. गावातलं जवळजवळ प्रत्येक पोर तिच्याच हातात जन्मलेलं. उभा जन्म ओणवं राहून बाळंतपणं केल्यामुळे तिची पाठ कमानीसारखी वाकली होती. यंदाच्या जत्रेत सुईणबाईचा मान करायचा, तिला एक खुर्ची द्यायची, असं गावानं ठरवलं. काम अर्थातच सुताराकडे आलं.

सुतारानं जीव ओतला. उत्तम सागवान, उंच ताठ पाठ, पाठीवर कोरलेले मोर. पाटील बघायला आले आणि बघतच राहिले.

"वा! राजवाड्यात शोभेल!" ते म्हणाले.

जत्रेला अजून अवकाश होता. सुतारानं सुईणबाईला बोलावून खुर्चीत बसवलं. ती अगदी कडेला टेकली. पाय जमिनीला पोचेनात आणि पाठ मोरांना लागेना.

"छान आहे हो, बाळा," ती म्हणाली आणि हळूच उतरली. गावातले सगळेच तिचे बाळ होते.

घरी निघताना दम लागला म्हणून ती अंगणात थांबली. जळणात बाभळीचं एक वाकडं खोड पडलं होतं. त्याला ती टेकली मात्र, तिची पाठ त्या बाकात अलगद बसली. तिनं डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला.

सुतार दारातून बघत होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली. ज्या माणसासाठी खुर्ची करायची, त्या माणसाकडे आपण एकदाही नीट बघितलं नव्हतं!

तो थेट पाटलांकडे गेला. "पाटील, खुर्ची नव्याने करतो."

"वेड लागलंय का? इतकी देखणी खुर्ची तयार आहे!"

"देखणी आहे, पण त्यांना बसता येत नाही. मी बाभळीच्या त्या वाकड्या खोडाची करणार आहे."

"जळणाची खुर्ची? अख्ख्या पंचक्रोशीत हसं होईल आपलं! तुला पुन्हा कुणी काम देणार नाही."

भीती सुतारालाही वाटत होती, कारण नावावरच त्याचं पोट होतं. तरी तो म्हणाला, "पाटील, खुर्ची त्यांना द्यायची आहे ना? मग हसू देत लोकांना."

घरी येऊन त्यानं गुण्या खुंटीला अडकवला. सुईणबाईला ओल्या मातीच्या ढिगावर बसवलं आणि मातीत उमटलेला आकार डोळ्यांत साठवून घेतला. त्यावरून बांबूच्या कामट्यांची कच्ची खुर्ची बांधली. ती उंच झाली, म्हणून मोडली. दुसरी बांधली, तर तिच्यातून सुईणबाईला उठता येईना. तेव्हा त्याला सुचलं, की खुर्चीचे हात पुढे लांब हवेत, म्हणजे त्यांच्यावर जोर देऊन उठता येईल.

मनासारखं जमल्यावरच त्यानं बाभळीला करवत लावली. खोड मधोमध उभं चिरलं, तसे दोन सारखे वाकडे तुकडे हाती आले. तेच पाठीचे दोन खांब झाले. सगळंच तिरकं, त्यामुळे प्रत्येक खाच नजरेनं आणि दोरीनं मापावी लागली. किती तुकडे फुकट गेले! पण खुर्ची उभी राहिली ती एकही खिळा न मारता. शेवटी त्यानं जवसाचं तेल चोळलं आणि बाभळीचा तांबूस रंग खुलून आला. अशी खुर्ची कुणी कधी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर सुतारानंसुद्धा नाही.

जत्रेत खुर्चीवरचं फडकं काढलं, तेव्हा लोक खो खो हसले. "अरे, हिला पोक आलंय!" कुणीतरी ओरडलं.

सुईणबाई पुढे आली आणि खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकले. पाठ मागे टेकली, कुठेही अंतर न राहता. तिनं खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला आणि सुताराकडे बघितलं.

पाटलांनी भाषण सुरू केलं. पाटलांचं भाषण लांबलचक असायचं. ते अर्ध्यावर आले आणि थबकले. खुर्चीत सुईणबाई गाढ झोपली होती.

पाटील आवाज खाली आणत आणत थांबले. ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले. आणि जन्मताच ज्यांना तिनं चापट मारून रडवलं होतं, ती सगळी माणसं तिची झोप मोडू नये म्हणून ओठांवर बोट ठेवून उभी राहिली.

तात्पर्य: वस्तू घडवण्याआधी, ती ज्याच्यासाठी घडवायची त्याच्याकडे नीट बघावं, खरं नवं काम तिथूनच सुरू होतं.