मासेदरडीचं पांघरूण

आमच्या पिंपळझोऱ्याच्या नाल्याला उजव्या अंगाने जी दरड दिसते, तिला मासेदरड म्हणतात. जवळ या, पण पाय जपून ठेवा. घड्या घालून रचलेल्या गोधड्यांसारखे दगडाचे थर आहेत बघा, आणि थराथरात मासे. खवले मोजता येतात. हे कसं झालं, ते आमच्याकडे असं सांगतात.

फार पूर्वी इथे मोठा तलाव होता म्हणे. एके वर्षी पाऊस आलाच नाही. तलाव आटत आटत डबक्याएवढा उरला. काठावर पर्वता नावाची ढिवरीण, मासे धरून पोट भरणारी, राहायची. तिचं बाळ दोन महिन्यांचं, आणि अंगावरचं दूध आटलेलं. गावाने ठरवलं, उरलेले मासे वाटून खाऊ. पर्वता आडवी आली. बी संपलं तर तलाव भरूनही रिकामाच राहील, असं तिचं म्हणणं. तिने पाण्याला हात लावून शब्द दिला, "तुझी लेकरं मी झाकतो, माझं तू जगव."

मग ती एकेक मासा चिखलात पुरू लागली. मरळ उन्हाळाभर चिखलात जगते, हे ढिवरांना ठाऊक. पण तिने मरळीबरोबर रोहूही पुरले.

सासू कपाळावर हात मारून म्हणाली, "रोहू काय मरळ हाय का, चिखलात जगाले? पोरगं सुकून राह्यलं अन् तू मासे पुरून राह्यली!"

"पांघरूण घालताना कोणत्या लेकराले वगळू, आत्याबाई?"

रोज ओला चिखल आणून ती वर थर देई. तिसऱ्या दिवशी तिला पान्हा फुटला म्हणे.

पाऊस पुढच्या साली आला. मरळी वर आल्या, तलावभर झाल्या. रोहू आलेच नाहीत. पर्वताने उकरलं तर खाली दगड, आणि दगडात ते, निजवले तसेच. ती रडू लागली, तेव्हा सासूच म्हणाली, "रडू नको पोरी. त्यायनं जीव देऊन तुझं पोरगं राखलं. आता त्यायचं पांघरूण सुटू देऊ नको."

मागे दगड तपासणारे एक साहेब आले होते. म्हणाले, तलाव खरा, चिखलाचे थर खरे, त्यात दबूनच मासे दगड झाले. पण तेव्हा माणूसच नव्हता. असेल, साहेब शिकलेले. पण उघडी दरड ऊनपावसाने झिजते, हेही तेच म्हणाले, आणि तुमची एवढी कशी टिकली म्हणून नवल करत होते.

आजही गावातली बाळंतीण सव्वा महिन्याने घराबाहेर पडली की आधी इथे येते. नाल्यातला ओंजळभर चिखल उघड्या पडलेल्या माशावर लिंपते, मगच बाळाला पाजते. माझी मुलगी दूध ओढत नव्हती, तेव्हा मी दोनदा लिंपला. ही बघा तीच, दरडीवर चढायला निघाली.

"अगं ए, पाय नको ठेवू! निजलेत ते."