घोरपडीची साक्ष

प्राण्यांनाही दरबारात साक्षीला बोलावत असत, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट.

एका राज्यात ओढ्याच्या दोन बाजूंना दोन राने होती. अलीकडचे रान राजाच्या आजोबांनी नाचणीसाठी तोडले होते. पुढे शेती बंद पडली आणि तिथे झाडे आपोआप पुन्हा वाढली. पलीकडच्या रानाला मात्र कधीच कुऱ्हाड लागली नव्हती.

राजाला नवा महाल बांधायचा होता. प्रधान म्हणाला, "महाराज, पलीकडची झाडं चांगली जाड आहेत, ती तोडू. अलीकडे रान परत आलंच आहे."

"ते खरंच रान झालंय का?" राजाने विचारले. "पलीकडच्यासारखं?"

हे सांगायला दोन्हीकडे फिरणारी एकच होती, म्हातारी घोरपड. तिला निरोप गेला.

घोरपड आधी अलीकडे फिरली. झुडपाझुडपावर सरडे होते, पाचोळ्यात सापसुरळ्या पळत होत्या, डबक्यातल्या बेडकांनी तर कान किटवले. एक सरडा मान हलवत म्हणाला, "बघा मावशी, केवढी वस्ती आहे. पलीकडे काय, नुसती सामसूम."

"रानच आहे की हे," असे म्हणत ती ओढा ओलांडून गेली.

पलीकडे खरोखरच सामसूम होती. ती बराच वेळ बसून राहिली. मग हिरव्या वेलीचा एक वेढा हलला, तो साप निघाला. कुजक्या ओंडक्याखाली देवगांडूळ वळवळले. ते दिसायला गांडुळासारखे, पण असते बेडकांच्या नात्यातले. असे साप आणि असली देवगांडुळे तिला अलीकडे कुठेच दिसली नव्हती. ओढ्यावर वाकलेल्या पानावर एक बेडकी अंडी राखत होती. घोरपडीला पाहून ती आक्रसली.

"आज भूक नाही ना, मावशी?"

"आज मी साक्षीच्या कामावर आहे. तू अलीकडे का राहत नाहीस, ते सांग."

"माझी अंडी पानावर असतात. तिकडे ऊन खालपर्यंत येतं, ती वाळून जातात."

"म्हणजे ते रान नाही."

"तसं कसं म्हणू? माझी बहीण गेली ना तिकडे. एका जांभळीखाली आता गार सावली पडते म्हणे."

"मग ते रान आहे?"

"मला काय विचारता? दरबारात तुम्ही जाणार."

घोरपडीच्या डोक्याचा पार भुगा झाला. हो म्हणावे तर बेडकीची अंडी आठवत, नाही म्हणावे तर तिची बहीण. तशीच ती राजापुढे उभी राहिली.

"महाराज, मला कळत नाही."

दरबार हसला. प्रधान म्हणाला, "दोन्हीकडे पोटभर जेवलात आणि उत्तर तेवढं विसरलात? साक्षीदारानं हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं."

"दोन्ही खोटं होईल," घोरपड म्हणाली. "अलीकडे वस्ती दाट आहे, पण ती वेगळ्यांची. पलीकडचे काही जण अलीकडे यायला लागलेत, काहींना येताच येत नाही. मी हो म्हटलं की तुमची माणसं कुऱ्हाडी घेऊन निघणार. म्हणून माझ्या तोंडून हो निघत नाही."

राजा म्हणाला, "जिनं दोन्ही रानं पालथी घातली तिलाच कळत नाही, तर मी कशाच्या भरवशावर तोडू? महाल राहू दे."

राजा जुन्याच महालात राहिला. छत गळायचे, आणि प्रधान कुरकुरत खाली घंगाळे ठेवायचा.

अशी बरीच वर्षे गेली. जांभळीशेजारी आणखी झाडे मोठी झाली. बेडकीच्या बहिणीच्या लेकींनी तिथल्या पानांवर अंडी घातली आणि ती वाळली नाहीत. एका ओल्या सकाळी अलीकडच्या ओंडक्याखाली देवगांडूळही सापडले.

प्रधान स्वतः पाहायला आला. "आता तरी सांगा, घोरपडबाई. झालं का हे रान?"

"अजून नक्की सांगता येत नाही," घोरपड म्हणाली. "पण ही मंडळी आली कुठून, ते तुम्हीच बघा."

प्रधानाने ओढ्यापलीकडे पाहिले. ती जाड झाडे त्याने तोडायला सांगितली होती. ती पडली असती तर इकडे यायला कोणी उरलेच नसते. त्याने मान खाली घातली.

तात्पर्य: जे पुन्हा उभे करता येणार नाही, ते पुरते कळल्याशिवाय तोडू नये, आणि कळत नसेल तर तसे सांगायला लाजू नये.