बुटांवरचा डोळा

बालाघाटाच्या कुशीतल्या एका गावात रंगाचं एक दुकान होतं. दुकान मामांचं, आणि डबे उचलायला, रंग कालवायला भाचा वैजनाथ. सगळे त्याला वैजू म्हणत. रंग विकता विकता पोरगा चित्रंही काढायला लागला होता. शाळेच्या भिंतीपासून देवळाच्या भिंतीपर्यंत सगळीकडे त्याचा हात फिरलेला.

त्या वर्षी मामांनी भरपूर रंग विकला, म्हणून कंपनीने त्यांना बँकॉकची सहल दिली. मामांचे गुडघे धरलेले. ते म्हणाले, "वैजू, तू जा. मी तिथं जाऊन काय, खुर्चीच शोधणार."

ही बातमी बुद्धविहारात पोचली. विहाराच्या भिंतीवर आडवे पहुडलेले भगवान बुद्ध काढायचं काम वैजूनेच घेतलं होतं. विहार रोज झाडणाऱ्या सोजरबाई मुद्दाम दुकानात आल्या. "तिकडं तशीच लई मोठी मूर्ती हाय म्हणत्यात. फोटो आपण ढीगभर बघितले, बाबा. तू समोर उभा राहा. तोंडावरची शांतता डोळ्यांत भरून आण, म्हणजे ती भिंतीवर उतरंल."

वैजूने शब्द दिला. त्यालाही तो चेहरा बघायची ओढ होतीच.

पण निघायच्या आधी शेजारच्या कौसल्याकाकू आल्या. "परक्या मुलखात कुणी हसून बोललं की समजायचं, याचा आपल्या पिशवीवर डोळा आहे." आईने लगेच बनियनला आतून खिसा शिवला. आता शेजारपाजारचे काळजीपोटीच बोलतात, त्यात वाईट काही नाही. पण वैजूने ते बोलणं असं काही मनावर घेतलं, की विमानातून उतरला तो पिशवी छातीशी धरूनच.

गाईड माणसं मोजायला लागला, तर वैजूला वाटलं, हा कुणाला वजा करायला बघतोय? खोलीत चादर बदलायला बाई आली, तर हा दाराशी पहारा देत उभा. रस्त्यावर अननसवालीने चवीला एक फोड पुढे केली. वैजूने हात मागे घेतला. "यात गुंगीचं औषध घालतात," तो बरोबरच्या उदगीरच्या दुकानदाराला म्हणाला.

उदगीरकराने ती फोड घेतली आणि चावता चावता म्हणाला, "मी पडलो तर उचल मला."

तो काही पडला नाही. वैजूला वाटलं, औषध सावकाश चढत असेल.

मग ते मूर्तीच्या देवळात पोचले. बूट बाहेर काढायचे होते. बूट मामांनी घेऊन दिलेले, नवेकोरे, वैजूचे पहिलेच कातडी बूट. पायरीजवळ एक म्हातारी बसली होती. तिने वैजूच्या पायांकडे बघितलं आणि ती हसली. वैजूला लगेच कौसल्याकाकूंचं बोलणं आठवलं. तिची नजर दुसरीकडे वळताच त्याने जत्रेत शिकलेली युक्ती केली. एक बूट चपला ठेवायच्या लांब फळीच्या या टोकाला ठेवला, दुसरा पार त्या टोकाला. जोडी फुटली की चोराला काय उपयोग?

आत पाऊल टाकलं आणि समोर मूर्तीचे पाय दिसले, माणसापेक्षाही उंच. मूर्ती इतकी लांब, की चेहरा बघायला दालनाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे. बरोबरची मंडळी हात जोडून पुढे सरकत होती. वैजू मात्र दोन पावलं टाकी आणि मागे वळून दाराबाहेर बघे. म्हातारी बसलीये ना? पुन्हा दोन पावलं, पुन्हा मागे. उदगीरकर म्हणाला, "अरे, तुझ्या मापाचा पाय या शहरात कुणाला असणार? चल पुढं." वैजू मूर्तीच्या पायांपाशीच रेंगाळला.

तेवढ्यात म्हातारी उठली. तिने वैजूचा बूट उचलला आणि चालायला लागली.

वैजू बाहेर धावला. त्याने तिचा हात धरला आणि मराठीतच ओरडला, "चोर!" म्हातारीला शब्द कळला नाही, पण धरलेला हात कळला. तिचं हसू मावळलं. गाईड धावत आला. त्याने तिची विचारपूस केली आणि मोडक्या हिंदीत वैजूला सांगितलं, "त्यांना एकच बूट दिसला. दुसरा कुणाच्या पायाने लोटला गेला असेल, आणि एवढा मोठा माणूस एका बुटावर घरी कसा जाईल, म्हणून त्या त्याचा जोडीदार शोधत होत्या."

म्हातारीने हात सोडवून घेतला. फळीच्या टोकाशी जाऊन तिने दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले, टाचा आत आणि टोकं बाहेर, म्हणजे पाय सरळ आत जावा. मग ती पुन्हा पायरीजवळ जाऊन बसली. तिने वैजूकडे बघितलं नाही.

वैजूने हात जोडले. मग तो गाईडला म्हणाला, "मला मूर्तीचा चेहरा बघायचा राहिलाय."

"नदीवरची परतीची बोट सुटेल," गाईड म्हणाला. "सगळे बघून बाहेर आलेत. आपण काय करत होतात?"

 वैजूने बूट घातले.

गावी आल्यावर भिंतीचं काम सुरू झालं. पाय असे उतरले, की बघणारा आपोआप वाकावा. चेहरा मात्र वैजूने शेवटाला ठेवला, आणि मग फोटो पुढ्यात घेऊन कसाबसा काढला.

सोजरबाई झाडू हातात धरून बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"वैजू, पाय लई गोड आलेत. पण तोंडावर शांतता न्हाई, बाबा. कुणी काय उचलून नेईल म्हणून जागं राहिल्यागत दिसत्यात." मग त्यांनी हलकेच विचारलं, "तू तर समोर उभा राहून बघितलंस ना?"

"पायांपर्यंतच गेलो, मावशी."

"का रं? पुढं जाऊ दिलं न्हाई?"

"जाऊ देत होते. माझंच ध्यान बुटांत होतं."

 वैजूने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, कुंचला बुडवला आणि स्वतःच्या हाताने तो चेहरा पुसून टाकला.

तात्पर्य: परक्या गावी सावध जरूर असावं, पण जो प्रत्येक हसऱ्या माणसात चोर बघतो, त्याचं सामान घरी पोचतं आणि ज्यासाठी तो गेला होता तेच तिथं राहून जातं.