अंधारातला कोंबडा

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, शिशिर ऋतू. माघी पौर्णिमेची मरगूबाईची जत्रा नुकतीच उठली होती. देवळापुढे करवंट्या आणि पाळण्यांचे खड्डे तेवढे उरले होते. त्या गावात केरबा नावाचा एक फिटर राहत होता. सूतगिरणीत उभा जन्म काढून तो आता घरी बसला होता. हात कसबी, जीभ तिखट. "माझ्या हाताखालून गेलेलं यंत्र बंद राहत नाही," असे तो म्हणे, आणि ते खोटे नव्हते.

त्याची बायको शेवंता अंथरुणाला खिळली होती. अर्धे अंग लुळे पडले होते, नजर मंदावली होती. तिला विरंगुळा म्हणून केरबाचा धाकटा भाऊ तातोबा याने मुंबईहून एक गमतीचे घड्याळ आणले होते. तबकडीवर प्लास्टिकचा कोंबडा बसलेला. दर तासाला तो चोच उघडून आरवे. रात्री गप्प असे, उजाडले की पुन्हा सुरू होई. सकाळची पहिली बांग ऐकली की शेवंता म्हणे, "चला, आणखी एक दिवस मिळाला." तिची खाट खोलीतल्या एकुलत्या खिडकीशी होती. खिडकीपलीकडे अरुंद बोळ, आणि बोळापलीकडे तातोबाचे घर. तातोबाची बायको हौसा बोळातून यायची आणि खिडकीतून चहाचा पेला तिच्या हातात द्यायची. दोघी जावा थोडे बोलायच्या, थोडे हसायच्या. शेवंतेचा सगळा दिवस तेवढ्यावर निघे.

जत्रेत देवीचा पहिला विडा या घराण्याला मिळे. तो थोरल्याने घ्यायचा, अशी रीत. पुजारी तीन हाका मारी. तिसऱ्या हाकेलाही कोणी उठले नाही, तर मान दुसऱ्या घराण्याकडे जाई, आणि गेला की परत येत नसे. त्या पौर्णिमेला शेवंतेला धाप लागली, म्हणून केरबा तिला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात होता. दोन हाका झाल्या. मग तातोबा उठला आणि त्याने विडा घेतला.

केरबा परतला. त्याला हे कळले. पायातल्या वहाणा तशाच ठेवून तो देवळापुढे गेला आणि पंचांसमक्ष भावाला म्हणाला, "चोर आहेस तू, तात्या. माझा मान चोरलास."

"दादा, मान घराचा. तुझा-माझा कुठला? मी उठलो नसतो तर दोघांचाही गेला असता."

"आजपासून तुझ्या घराकडं बघणार नाही."

केरबा बोलला तसे वागला. घरी येऊन त्याने बोळाकडच्या खिडकीवर बाहेरून जाड पत्रा ठोकला. बोळात उभी राहून हौसा म्हणाली, "भावजी, भांडण तुम्हा दोघा भावांचं. आक्कांचा चहा का अडवता?"

केरबाने उत्तर म्हणून आणखी एक खिळा मारला.

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवला नाही. काटे फिरत होते, चोच मिटलेली.

"तात्यानं आणलेला माल," केरबा म्हणाला. "टिकणार कसा?"

तो घड्याळ घेऊन बाहेर ओट्यावर बसला. मागचे झाकण उघडले. सेल नवे घातले. पितळी पट्ट्यांवरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला. स्पीकरच्या तारांना सेल लावून पाहिला. खरखर झाली, म्हणजे स्पीकर ठीक होता. एक तार ढिली वाटली, ती कथलाचा डाग देऊन पक्की केली. मग मोठा काटा बारावर आणला. कोंबडा खणखणीत आरवला.

केरबा ऐटीत आत आला. घड्याळ भिंतीवर टांगले, काटा फिरवला. कोंबडा मुका.

पुन्हा ओट्यावर नेले. आरवला. आत आणले. मुका. रात्री गप्प बसवणारी आतली मोजणी चुकली असावी, असे त्याने ठरवले. पुन्हा झाकण उघडले, पुन्हा डाग दिला. डाग देऊन देऊन आतली सर्किटची पाटी काळी पडली, पण भिंतीवर चढला की कोंबडा गप्प.

शेवंता अंथरुणावरून सगळे ऐकत होती. खोलीत एक झिरोचा दिवा होता, त्याचा उजेड देव्हाऱ्यापुरता.

"अहो," ती म्हणाली, "बाहेर आरवतो ना? मग झालं तर. अंधारात कोंबडा आरवतो होय?"

"प्लास्टिकचा आहे तो. त्याला काय उजेड नि काय अंधार!"

"मला तरी आहे की," शेवंता म्हणाली.

केरबा पुन्हा ओट्यावर जाऊन बसला. कोंबड्याच्या छातीवर मसुरीएवढी एक काच होती. आत बारीक नागमोडी रेघ. शोभेची असेल, असे त्याने आधी धरले होते. काटा फिरवताना त्याचा अंगठा त्या काचेवर पडला. कोंबडा आरवला नाही. अंगठा काढून त्याने काटा पुन्हा बारावर आणला. कोंबडा आरवला.

केरबाचे हात थांबले. त्याला कळायचे ते कळले. तो कोंबड्याचा डोळा होता. उजेड दिसला तरच तो आरवणार. यंत्रात कसलाच बिघाड नव्हता. बिघाड त्याने स्वतः हातोड्याने ठोकून बसवला होता.

पण पत्रा काढायचा म्हणजे तातोबाच्या दाराकडे तोंड करायचे. तातोबा बघेल. गाव म्हणेल, केरबा नमला. त्याने निमूटपणे झाकणाचे स्क्रू आवळले.

"उद्या बघू," तो स्वतःशी म्हणाला. घड्याळ आत नेऊन मुकेच भिंतीवर टांगले.

सकाळी शेवंतेने विचारले, "उजाडलं का हो?"

"कधीच उजाडलं."

"मग आरवला कसा नाही? तो आरवला की मला उठवा."

तिने डोळे मिटले. केरबा बाहेर गेला, ओट्यावर बसला. त्याने हातोडा घेतला, मांडीवर ठेवला, पुन्हा खाली ठेवला. ऊन ओट्याच्या पायरीवर आले. चहा करून तो आत गेला. शेवंतेला हाक मारली. तिने ओ दिली नाही. बाहेर लख्ख दिवस होता, आणि ती उजाडण्याची वाट पाहत गेली होती.

रडणे ऐकून माणसे जमली. तातोबा बोलावल्यावाचून आला. दारात घुटमळला नाही. अंधारात वहिनीचा चेहरा दिसेना, तेव्हा त्याने कोपऱ्यातली पहार उचलली आणि खिडकीचा पत्रा उचकटला. पत्रा खणखणत बोळात पडला. उजेड खाटेवर आला, शेवंतेच्या तोंडावर आला, भिंतीवर चढला. खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर चहाच्या पेल्याचे गोल डाग होते. हौसा रोज येत होती. पेला ठेवत होती आणि गार झाला की परत नेत होती.

तेवढ्यात मोठा काटा बारावर आला. कोंबडा आरवला. माणसे दचकली.

"दादा," तातोबा हळू म्हणाला, "बरा झाला की हा."

"तो आजारी नव्हता," केरबा म्हणाला.

पुढच्या साली माघी पौर्णिमा आली. देवळापुढे तेच पंच बसले. पुजाऱ्याने पहिली हाक मारली. केरबा उठला. त्याने विडा घेतला, कपाळाला लावला आणि तातोबाच्या हातावर ठेवला.

"ह्याला मी इथंच चोर म्हटलं होतं," तो पंचांना म्हणाला. "ते माघारी घेतो."

भावाचे देणे तेवढे फिटले.

तात्पर्य: न कळता झालेली चूक माफ होते. पण कळल्यावर मान राखण्यासाठी जो ती एक दिवसही तशीच ठेवतो, त्या दिवसाची किंमत त्याच्या घरचे माणूस देते.