जांभईच्या आत कॉम्प्युटर

“आमची जांभई संपायच्या आत कॉम्प्युटर चालू झाला पाहिजे!” तुंबापूरचे भडकराव महाराज सिंहासनावरून गरजले. “आणि आतल्या सगळ्या सर्व्हिसेस तयार हव्यात. एकही कमी करायची नाही!”

हुकूम होता तुळाजीला! राजवाड्याचा लिनक्सवाला कॉम्प्युटर तोच सांभाळायचा ना. कारंजं, नगारा, वेशीचा दरवाजा, हत्तीची आंघोळ, सगळं त्याच्यावरच चालायचं. पडद्यामागे एकेका कामाला एकेक सर्व्हिस, म्हणजे छोटासा प्रोग्राम. पण महाराजांचा हुकूम असा, की बटण दाबताच सगळ्यांनी एकदम उठायचं! मग काय, नुसती चेंगराचेंगरी! पंप उठायच्या आधीच हत्तीची आंघोळ सुरू. बिचारा हत्ती अंगाला कोरडाच साबण लावून उभा! आणि कॉम्प्युटर? महाराजांचा नाश्ता होऊन ढेकर आली तरी आपला घरघरतोय!

“उद्या जमलं नाही,” महाराज म्हणाले, “तर तुळाजीने रोज दोन वेळा आमचं गाणं ऐकायचं. पहिल्या रांगेत बसून!”

अख्खा दरबार शहारला. आधीच्या कॉम्प्युटरवाल्याने आठवडाभर ऐकलं होतं. तो आता कोकिळा दिसली तरी पळत सुटायचा!

तुळाजी धावत वेशीपाशी गेला. तिथे त्याची धाकटी बहीण सगुणा भज्यांची गाडी लावायची. त्याने सगळं रडून सांगितलं.

“दादा,” कढईत झारा फिरवत सगुणा म्हणाली, “गिऱ्हाईक यायच्या आधी मी सगळी भजी तळून ठेवते का?”

“छे! गार होतील की.”

“मग काय करते?”

“तेल तापवून, पीठ भिजवून बसतेस. कुणी मागितली की मग...” तुळाजी तोंड उघडं टाकून थांबला. “अगं सगे!”

“पेटली एकदाची ट्यूब! चल, उघड सर्व्हिसेसची फाइल!”

आता लिनक्स म्हणजे सगळा उघडा कारभार! कुठली सर्व्हिस कधी उठणार, कुणाच्या मागून उठणार, साधं लिहून ठेवायचं, बस्स! दुपारभर दोघं राजवाड्यात खटाखट लिहीत बसली.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात महाराजांनी हा भला मोठा आ वासला. सगुणाला शेजारी उभं करून तुळाजीने बटण दाबलं. महाराजांचं तोंड मिटायच्या आत... टिंग! कॉम्प्युटर तयार!

“कारंजं!” महाराज ओरडले. फुस्सकन उडालं!

“हत्ती!” आधी पंप उठला, मग आंघोळ. हत्ती इतका खूश झाला, की त्याने खिडकीतून सोंड घालून फुगेपंत प्रधानांनाही आंघोळ घातली!

एवढ्यात महाराजांची नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेली. “हे काय? जवळजवळ सगळ्या सर्व्हिसेसपुढे ‘बंद’? झोपल्यात! लबाडी! तुळाजी, बस पहिल्या रांगेत!”

तुळाजी जाऊन बसला. सगुणा पुढे आली. “महाराज, आत्ता तुमचं सैन्य लढतंय का?”

“कुणाशी लढणार? शत्रू कुठाय?”

“म्हणजे तुमच्याकडे सैन्यच नाही!”

“कोण म्हणतं? शिंग फुंकलं की सगळे घोड्यावर!”

“मग हे तसंच आहे हो! कॉम्प्युटरमधला पहारेकरी तेवढा जागा ठेवलाय. कुणी हाक मारली, की तो हवं त्याला उठवतो.”

“आणि कुणी मध्येच कोसळलं तर?” निथळणाऱ्या पंतांनी खुन्नस काढत कारंज्याची सर्व्हिस मुद्दाम बंद पाडली. कारंजं थांबलं. आणि लगेच पुन्हा उडालं, थेट पंतांच्या पगडीवर!

“पडलं की आपोआप उठायचं, तेही लिहिलंय, पंत!” सगुणा म्हणाली.

दरबार खो खो हसला. महाराज मात्र डोळे बारीक करून बघत होते. “थांब! रोज बटण दाबताच आमचं रेकॉर्ड केलेलं गाणं वाजतं. आज वाजलं नाही. ती सर्व्हिस उडवलीस ना? एकही कमी करायची नव्हती!”

तुळाजीने घट्ट डोळे मिटले.

“उडवली कुठे, महाराज?” सगुणा म्हणाली. “ ती बघा, अगदी तयारीत बसलीय.”

“मग वाजत का नाही?”

“सकाळपासून कुणी मागितलंच नाही!”

महाराजांच्या मिशा थरथरल्या, मग पोट थरथरलं, आणि ते असे हसत सुटले, असे हसत सुटले, की मुकुटच घरंगळला! डोळे पुसत त्यांनी तुळाजीला पहिल्या रांगेतून उठवलं, हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि सगुणाच्या मनगटात घातलं.