राहीआत्याची सायकल

कोणे एके काळी, म्हणजे गावात एखादीच सायकल असायची तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. बाळंतपण कुणाच्याही घरी असो, वाट बघायची ती राहीआत्याची. ही सुईण अंगानं बुटकी, हातानं मात्र अशी हुशार की अडलेली बाई तिला पाहूनच निम्मी मोकळी व्हायची. ती वाड्यावाड्यांवर सायकलनं फिरे. ती सायकल पार खिळखिळी झाली, तेव्हा गावानं तिला नवी घेऊन द्यायचं ठरवलं.

गाव चांगलं होतं हो. पण चांगुलपणालाही कधी कधी मिजास चढते.

पाटील चार माणसं घेऊन बाजाराला गेले. आत्याही मागून गेली. दुकानदारानं एक उंच, चकचकीत सायकल पुढं केली आणि म्हणाला, "जी चालवणार, तिला बसून बघू द्या."

"एकच फेरी मारते, पाटील," आत्या म्हणाली. "माझी वाट खडकाळ. पाय पोचतात का, तेवढं बघते."

"भर बाजारात? चार गावचे लोक बघताहेत, आत्या! आपल्या रानात चालतं, इथं शोभतं का? आम्ही बघतो ना."

मग गावचा पैलवान सायकलवर बसला. दुकानापुढच्या झाडलेल्या, सारवलेल्या अंगणात त्यानं ऐटीत फेरी मारली. "लोण्यावरून गेल्यासारखी चालते!" तो म्हणाला. सगळे "वा, वा" करू लागले. हार घातला, नारळ फोडला, सायकल घरी आली.

पुढं आत्यानं पाटलांना सांगितलंही, "सायकल उंच पडते हो. दगडांत तोल जातो." पाटील हसले. "होईल सवय. एवढ्या जणांनी पारखून घेतलीय."

काही दिवसांनी पाटलांची लेक माहेरी बाळंतपणाला आली. एके दुपारी तिला कळा सुरू झाल्या आणि ती अडली. आत्या तेव्हा डोंगरावरच्या वाडीत होती. सांगावा मिळताच ती सायकलवर बसून निघाली. खडकाळ उतारावर चाक दगडावरून घसरलं. तिनं पाय टेकायला खाली सोडला, तो जमिनीपर्यंत गेलाच नाही. सायकलीसकट ती खाली आदळली.

लंगडत, फरपटत ती पाटलांच्या दारी पोचली तेव्हा दिवस मावळला होता. तिनं करता येण्यासारखं सगळं केलं. लेक वाचली. बाळ रडलं नाही.

पाटील कळवळून ओरडले, "आत्या, एवढा उशीर का केलास गं?"

आत्यानं सुजलेला, रक्ताळलेला पाय पुढं केला. "पाय पोचले नाहीत, पाटील." एवढंच बोलून ती रडू लागली. पाटलांना बाजारातला तिचा शब्द आठवला.

आत्याचा पाय बरा झाल्यावर ते तिला घेऊन पुन्हा बाजाराला गेले. कोपऱ्यात एक ठेंगणी, बिनचमकीची सायकल होती. भर बाजारात पाटलांनी स्वतः तिचं हँडल धरलं.

"बस, आत्या. त्या अंगणात नको, पलीकडच्या दगडांतून फिरवून बघ. तू म्हणशील तीच घ्यायची."

आत्या फेरी मारून येईपर्यंत पाटील तिथंच हात जोडून उभे होते. चार गावचे लोक बघत होते. हसलं कुणीच नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, ध्यानात धरा: ज्याला वाट तुडवायची आहे, पारख त्यालाच करू द्यावी.